मैदानावरची शेरेबाजी आणि पूर्वग्रह : पालक, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की पालकांचे आणि क्रीडा शिक्षकांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले बरेच प्रश्न डावपेचांविषयी किंवा आहाराविषयी नसतात. समोरच्या संघातला मुलगा काय बोलला आणि त्यावर आम्ही काय करायला हवे होते, असे ते असतात. वारंवार येणारे असे प्रश्न येथे सोप्यापासून अडचणीच्या प्रसंगांकडे या क्रमाने घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समोरचा खेळाडू नुसता उद्धट आहे की पूर्वग्रहाने बोलतो आहे, हे ओळखायचे कसे?

टोमणा मुलाच्या खेळावर आहे की मुलाच्या असण्यावर आहे, हे पाहावे. "याला उसळता चेंडू टाका, हा डोळे मिटतो" किंवा "चढाईला आला की याचे पाय लटपटतात" हे बोलणे कानाला झोंबणारे असले तरी ते खेळाविषयी आहे, आणि ते खोटे ठरवणे मुलाच्या हातात आहे. जात, धर्म, रंग, भाषा, गाव, शरीराची ठेवण, मुलगी असणे, अपंगत्व किंवा आईवडिलांचा व्यवसाय यांवरून केलेली टिप्पणी खोटी ठरवण्याजोगे मूल काहीच करू शकत नाही. पहिला प्रकार कानाआड करायला शिकणे हा सरावाचाच भाग आहे. दुसरा प्रकार कानाआड करायला शिकवणे ही मोठ्यांची चूक आहे.

दोन्हींच्या मधला भाग बराच मोठा आहे. आईबहिणीवरून दिलेली शिवी पूर्वग्रहातून आलेली नसेल, पण ती नियमभंग आहेच आणि पंचांपर्यंत जायलाच हवी. उलट, काही पूर्वग्रह शिवीशिवायही बोलतात : आडनाव मुद्दाम लांबवून उच्चारणे, बोलण्याचा हेल काढून दाखवणे, "तुमच्यात असंच असतं" असे हसत म्हणणे, हात मिळवताना एकट्यालाच वगळणे. शंका असेल तेव्हा एक प्रश्न उपयोगी पडतो : हेच वाक्य त्याने आपल्या संघातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाला म्हटले असते का? उत्तर 'नाही' असेल तर प्रकरण दुसऱ्या प्रकारचे समजावे.

२. सामना चालू असताना असे काही कानावर पडले तर मुलाने त्या क्षणी काय करावे?

उत्तर देऊ नये, शब्द लक्षात ठेवावेत आणि खेळ थांबताच आपल्या कर्णधाराला सांगावे. पंचांशी बोलण्याचे काम कर्णधाराचे. प्रत्येक खेळाडू स्वतंत्रपणे पंचांकडे धावू लागला, तर बहुतेक खेळांत तीच गैरवर्तणूक ठरते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. कबड्डीत तर गप्प राहण्याला रोख किंमत आहे : चढाईपटूने टोमण्याला उत्तर द्यायला तोंड उघडले की दम तुटतो आणि चढाई वाया जाते. डिवचणाऱ्याला हेच हवे असते.

बारा वर्षांखालच्या मुलांकडून एवढ्या संयमाची अपेक्षा धरू नये. त्यांना एकच गोष्ट सांगून ठेवावी : वाईट वाटले तर थांबून सरांकडे पाहायचे, पुढचे सर बघतील.

३. "उलट बोललो नाही तर मी भित्रा ठरेन," असे मुलगा म्हणतो. त्याला काय सांगावे?

त्याला उपदेश करण्यापेक्षा उदाहरणे सांगावीत, कारण या वयातल्या मुलांना परिणाम दिसला की पटते. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाने भारताला हरवले. सामनाभर चाललेल्या शेरेबाजीचे पर्यवसान सामना संपल्यावर मैदानावरच्या धक्काबुक्कीत झाले, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने बांगलादेशाच्या तीन व भारताच्या दोन खेळाडूंवर कारवाई केली. सुरुवात कोणी केली, यावर घराघरांत वाद झाले असतील. कारवाईच्या यादीत मात्र दोन्ही देशांची नावे होती.

याहून जुने आणि कठोर उदाहरण जानेवारी १९९१ चे आहे. जमशेदपूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचा गोलंदाज रशीद पटेल हातात यष्टी घेऊन उत्तर विभागाच्या रमण लांबावर धावून गेला. पटेलवर १३ महिन्यांची बंदी आली, आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्या लांबावरही १० महिन्यांची. पंच सहसा पहिला शब्द ऐकत नाहीत. ते दुसरी कृती पाहतात. ही व्यवस्था न्याय्य आहे असे नाही, पण मुलाला ती आधी माहीत असलेली बरी.

गप्प राहणे आणि दबून राहणे यांत फरक आहे, हेही सांगावे. जो मुलगा शब्द लक्षात ठेवून ते योग्य माणसापर्यंत पोहोचवतो, तो गप्प राहिलेला नसतो.

४. कोणत्या खेळात अशा वागण्यासाठी काय शिक्षा आहे?

क्रिकेटमध्ये एमसीसीच्या (खेळाचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या) नियमावलीत १ ऑक्टोबर २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनाविषयीचा नियम ४२ लागू आहे. त्यात गैरवर्तनाच्या चार पातळ्या केल्या आहेत. पहिल्या पातळीवरच्या अपमानकारक भाषेसाठी कर्णधाराला एकदाच ताकीद मिळते आणि त्याच संघाच्या कोणत्याही खेळाडूकडून पुन्हा असे घडले, तर प्रतिस्पर्ध्याला पाच दंडात्मक धावा मिळतात. गंभीर स्वरूपाचा अपमान झाला तर पाच धावा लगेच दिल्या जातात. दुसऱ्या खेळाडूला मारण्याची धमकी दिल्यास काही षटके मैदानाबाहेर बसावे लागते, आणि प्रत्यक्ष मारहाण केल्यास उरलेल्या पूर्ण सामन्यातून बाहेर जावे लागते. शालेय सामन्यांत हा नियम पंच क्वचितच वापरतात, पण तो आहे हे कर्णधाराला ठाऊक असेल तर त्याच्या बोलण्याला वजन येते.

कबड्डीत हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटांच्या निलंबनाचे आणि लाल सामन्यातून बाहेर काढण्याचे असते. सात जणांच्या खेळात दोन मिनिटे एक गडी कमी असणे म्हणजे काय, हे प्रशिक्षकांना वेगळे सांगायला नको. फुटबॉलमध्ये अपमानकारक किंवा शिवीगाळीची भाषा वापरली, तर नियम १२ प्रमाणे थेट लाल कार्ड दाखवता येते. भेदभावाच्या घटनांसाठी फिफाने तीन टप्पे ठरवले आहेत : आधी खेळ थांबवणे, मग काही काळ स्थगित करणे आणि तरीही प्रकार चालू राहिला तर सामना रद्द करणे. स्थानिक स्पर्धांचे स्वतःचे नियमही असतात. संघ व्यवस्थापकाने ते पहिल्या सामन्याआधी मागून घ्यावेत.

५. पंच म्हणतात, "मी ऐकलं नाही, त्यामुळे मी काही करू शकत नाही." मग?

हे उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक असते. कबड्डीत सरपंच (मुख्य पंच) आणि दोन्ही पंच रेषा, हात आणि पाय पाहण्यात गुंतलेले असतात. क्रिकेटमध्ये स्लिपमध्ये कुजबुजलेले वाक्य पंचांपर्यंत पोहोचत नाही. न ऐकलेल्या शब्दांसाठी शिक्षा करा, असा आग्रह धरू नये. कर्णधाराने एवढेच म्हणावे : "सर, अमुक क्रमांकाचा खेळाडू जातीवरून बोलतो आहे, कृपया लक्ष ठेवा आणि आमची तक्रार नोंदवून घ्या." यामुळे पंचांचा कान त्या दिशेला वळतो, आणि पुढे लेखी तक्रार करावी लागलीच (प्रश्न ६) तर ती सामना चालू असतानाच केली होती, हे सिद्ध करता येते. हरल्यानंतर सुचलेली तक्रार म्हणून ती मग उडवून लावता येत नाही.

६. शालेय स्पर्धेत लेखी तक्रार कोणाकडे आणि कशी करावी?

तालुका व जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, आणि त्यापुढे विभाग व राज्य पातळी येते. तक्रार मुख्याध्यापकांच्या सहीने, स्पर्धा ज्या पातळीवर चालू आहे त्या पातळीच्या आयोजकांकडे जावी. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेत संघटनेच्या सचिवांकडे आणि खासगी अकादमीच्या स्पर्धेत आयोजकांकडे ती द्यावी. पालकाने एकट्याने केलेला अर्ज बाद ठरत नाही; पण शाळेच्या पत्राला आवक क्रमांक मिळतो, तर पालकाच्या अर्जाला बहुतेकदा चहा मिळतो.

अर्जात तारीख, मैदान, वयोगट, सामना क्रमांक, प्रतिस्पर्धी खेळाडूचा जर्सी क्रमांक, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ते ऐकणाऱ्यांची नावे आणि पंचांना कधी सांगितले हे लिहावे. "अर्वाच्य भाषा वापरली" असे मोघम लिहू नये. शब्द लिहायला संकोच वाटला तरी तेच लिहावेत, कारण तक्रारीची पुढची सारी वाटचाल त्या शब्दांवर ठरते. अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी.

निकालावरची हरकत ही वेगळी बाब आहे. तिला बहुधा थोड्या वेळाची मुदत आणि शुल्क असते. वर्तणुकीची तक्रार आणि निकालाची हरकत एका कागदावर लिहिली, की दोन्ही दुबळ्या होतात.

७. "तक्रार केली तर निवड चाचणीत राग निघेल," अशी भीती वाटते. ती खरी आहे का?

काही ठिकाणी खरी आहे. स्पर्धा भरवणारे, पंच नेमणारे आणि निवड समितीत बसणारे लोक अनेक जिल्ह्यांत तेच ते असतात, आणि तिथे "तसं काही होत नाही" असे पालकांना सांगणे म्हणजे त्यांची दिशाभूल करणे होय. धोका कमी करण्याचे मार्ग मात्र आहेत. तक्रार संस्थेच्या नावाने करावी, एकाच घटनेचे साक्षीदार असलेल्या दोनतीन पालकांनी मिळून सह्या कराव्यात, आणि भाषा आरोपाची न ठेवता घडलेल्या गोष्टीची ठेवावी. निवड चाचणीच्या आधीची मुलाची कामगिरी गुणपत्रकांसह जपून ठेवावी. इतके करूनही तक्रार न करण्याचा निर्णय एखाद्या कुटुंबाने घेतला, तर तो त्यांचा अधिकार आहे. त्यासाठी त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. प्रशिक्षकाला आणि शाळेला मात्र ही सवलत नाही.

८. आमचे प्रशिक्षक म्हणतात, "मनावर घेऊ नको, खेळानेच उत्तर दे." हे बरोबर नाही का?

उद्धटपणापुरते बरोबर आहे. पूर्वग्रहाला खेळाने उत्तर मिळते, हा समज मात्र आपल्याच खेळांच्या इतिहासात टिकत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले भारतातले सर्वश्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज होते. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना ते ज्यांच्यासाठी बळी मिळवत, तेच सवंगडी चहाच्या वेळी आत पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांच्यापर्यंत आले नाही. १९२० साली डावलले गेल्याच्या निषेधार्थ पळवणकर बंधूंनी संघातून माघार घेतली, तेव्हा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बळींनी जे झाले नाही, ते जाहीर नकाराने झाले. आणि हा अपमान प्रतिस्पर्ध्यांनी केलेला नव्हता, स्वतःच्या संघाने केलेला होता, हेही विसरू नये.

शंभर वर्षांनी चित्र किती बदलले? जुलै २०२१ मध्ये वंदना कटारिया हिने टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. काहीच दिवसांत भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ केल्याची तक्रार पोलिसांत नोंदवावी लागली. तिने खेळाने आणखी काय उत्तर द्यायचे होते?

प्रशिक्षकाने मुलाला "खेळाकडे लक्ष दे" असे जरूर सांगावे, पण त्यानंतर "बाकीचे मी बघतो" हे वाक्य यायला हवे, आणि मग खरोखर बघायला हवे.

९. जातिवाचक शिवी दिली तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो का?

होऊ शकतो. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या कलम ३(१) मधील (आर) आणि (एस) या उपकलमांनुसार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा सार्वजनिक दृष्टिपथात येईल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिला जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना उच्चारलेले शब्द या व्याख्येत बसत नाहीत. प्रेक्षकांनी भरलेले मैदान आणि बंद ड्रेसिंग रूम यांतला फरक त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक मर्यादा पालकांना सहसा माहीत नसते : शिवी देणारी व्यक्ती स्वतः अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर हा कायदा तिला लागू होत नाही. अशा वेळी स्पर्धेचे नियम आणि शाळेची शिस्तभंगाची कारवाई हे मार्ग उरतात, आणि ते मार्ग बाकीच्या सर्व प्रसंगांतही खुले असतातच.

१०. पण शिवी देणारा मुलगाही चौदापंधरा वर्षांचाच आहे. त्याच्याविरुद्ध पोलिसांत जावे का?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि घृणास्पद गुन्हा किंवा प्रौढाचा सहभाग नसेल तर सर्वसाधारणपणे प्रथम खबरी अहवाल न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद करून पुढील कार्यवाही होते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि बोलायचे ते त्यांच्याशी.

आमचे मत असे, की एकदाच आणि रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दांसाठी आधी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी पालकांना समोरासमोर बसवावे. त्या मुलाने तो शब्द कुठून तरी उचललेला असतो, आणि पालकांच्या भेटीत तो कुठून आला हे बहुधा पाच मिनिटांत कळते. शाळेने टाळाटाळ केली, प्रकार पुन्हा घडला, मारहाण किंवा धमकी झाली, अथवा मुलाला बोलायला एखाद्या मोठ्या माणसानेच चढवले असेल, तर पोलिसांत जाण्यास संकोच करू नये. पीडित कुटुंबाला लगेच तक्रार करायची असेल, तर "मुलाचं आयुष्य बरबाद होईल" असे सांगून त्यांना थांबवण्याचा हक्क शाळेला नाही. अपमान झालेल्या मुलालाही आयुष्य असते.

११. माझ्या मुलीला "ही मुलगी नाहीच, हिची तपासणी करा" असे प्रतिस्पर्धी संघाचे लोक ओरडून म्हणाले. असे करता येते का?

नाही. पात्रतेविषयी खरी शंका असेल तर ती लेखी स्वरूपात, खासगीत आणि आयोजकांकडे मांडावी लागते. मैदानावरच्या कोणत्याही शिक्षिकेला, पंचांना किंवा स्वयंसेविकेला मुलीची शारीरिक तपासणी करण्याचा अधिकार नाही आणि पालकांनी त्याला साफ नकार द्यावा. "एकदा दाखवून टाका म्हणजे विषय मिटेल" असे समजुतीने सांगणारे लोक भेटतील. त्यांचेही ऐकू नये. कुस्ती, कबड्डी आणि धावण्याच्या शर्यतींत केस बारीक कापलेल्या, अंगाने दणकट मुलींच्या वाट्याला हा प्रकार वारंवार येतो.

लैंगिक स्वरूपाच्या शेऱ्यांबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा समावेश आहे, आणि तो कोणत्याही वयाच्या महिलेला संरक्षण देतो. लैंगिक हेतूने केलेले शब्द किंवा हावभाव १८ वर्षांखालील मुला-मुलींबाबत असतील, तर २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) लागू होतो, आणि त्याखाली गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. शाळेने आपापसात मिटवून टाकण्याचा तो विषय राहत नाही. मदतीसाठी १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ज्या खेळात अंगाला अंग लागत नाही तिथे तरी हे नसेल, असे समजू नये. नागपूरची दिव्या देशमुख अठरा वर्षांची असताना, जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधील टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिले होते, की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांविषयी बोलत होते. जुलै २०२५ मध्ये तीच दिव्या महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिने चाली आणि बोलणे या दोन्ही गोष्टी केल्या.

१२. आमच्या मुलावर वय लपवल्याचा आरोप मैदानातच केला जातो. हा पूर्वग्रह मानावा का?

वयचोरी हा आपल्या वयोगटांच्या स्पर्धांना लागलेला खरा रोग आहे, त्यामुळे शंका घेणे हाच पूर्वग्रह म्हणता येणार नाही. आयोजकांकडे जाऊन जन्मदाखला पाहण्याची मागणी करणारा प्रशिक्षक योग्य मार्गाने चालला आहे. तोच प्रशिक्षक कागद न मागता "आश्रमशाळेची पोरं आहेत, वय कुणाला ठाऊक" असे ओरडत असेल, तर तो शंका घेत नसून शिक्का मारतो आहे. पहिल्या प्रसंगी कागद दाखवावेत आणि विषय संपवावा. दुसऱ्या प्रसंगी कागद दाखवावेत आणि प्रश्न ६ प्रमाणे तक्रारही करावी.

१३. शेरेबाजी खेळाडू नव्हे, तर समोरचे पालक आणि प्रेक्षक करतात. तेव्हा काय?

प्रेक्षकांना आवरण्याची जबाबदारी आयोजकांची आहे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता पंचांमधूनच जातो. १० जानेवारी २०२१ रोजी सिडनी कसोटीत सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजने प्रेक्षकांकडून होणारी वर्णद्वेषी शिवीगाळ कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितली, रहाणेने ती पंचांना सांगितली, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता, पण चूक आमची नाही, आम्ही खेळणार, अशी भूमिका रहाणेने घेतल्याचे सिराजने नंतर सांगितले. खेळाडू, कर्णधार, पंच, आयोजक ही साखळी तालुक्याच्या मैदानावरही तशीच चालते. फक्त तिथे सुरक्षारक्षकाच्या जागी यजमान शाळेचे मुख्याध्यापक असतात.

पालकांनी समोरच्या पालकांशी थेट भांडू नये. मुलांचे भांडण संध्याकाळी मिटते. मोठ्यांचे पुढच्या हंगामापर्यंत चालते आणि मुलांना त्यात खेळावे लागते.

१४. निषेध म्हणून सामना अर्ध्यावर सोडावा का?

शक्यतो नाही. मैदान सोडले की प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते आणि ज्या मुलाचा अपमान झाला, त्याच्याच डोक्यावर संघाच्या पराभवाचे ओझे येते. मुलांच्या सुरक्षिततेला धोका असेल, किंवा पंच आणि आयोजक दोघांनीही तक्रार ऐकून घ्यायलाच नकार दिला असेल, तर संघ बाहेर घेणे योग्य ठरते. हा निर्णय प्रशिक्षकाने घ्यावा, कारण लिहून द्यावे आणि "आम्ही त्याच्यामुळे हरलो" असे संघातला एकही मुलगा म्हणणार नाही, याची काळजी घ्यावी.

१५. शेरेबाजी करणारा आमच्याच संघातला आहे. प्रशिक्षक म्हणून मी काय करू?

त्याला बाहेर काढावे, तो कितीही चांगला खेळत असला तरी. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइम्बतूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचा यशस्वी जैस्वाल दक्षिण विभागाच्या रवी तेजाला वारंवार डिवचत होता. पंचांनी समज देऊनही तो थांबला नाही, तेव्हा त्याच्याच कर्णधाराने, म्हणजे अजिंक्य रहाणेने, त्याला मैदानाबाहेर पाठवले. जैस्वालने त्याच सामन्यात २६५ धावा केल्या होत्या. काही षटकांनंतर तो परत आला, पश्चिम विभाग जिंकला आणि जैस्वालची कारकीर्द त्यामुळे अडली नाही.

आपल्या संघाबद्दल आणखी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर हिंदी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या राज्यावरून, खेड्यातून आलेल्यांना बोलीवरून आणि मुस्लिम मुलांना पाकिस्तानचे नाव घेऊन डिवचणारी मुले बहुतेक वेळा आपली मराठीच असतात. ते "गमतीत" चालते असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रश्न १ मधली कसोटी आपल्या मुलांच्या बोलण्याला लावून पाहावी.

१६. घटनेचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. तो समाजमाध्यमांवर टाकावा का?

टाकू नये. तो मूळ स्वरूपात जपून ठेवावा, आयोजकांना किंवा पोलिसांना द्यावा, आणि पालकांच्या गटातही फिरवू नये. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे किंवा पोलिसांकडे गेले, तर संबंधित मुलांची ओळख माध्यमांतून उघड करण्यास कायद्याने मनाई आहे आणि ती पीडित, साक्षीदार व आरोपी या तिन्ही मुलांना लागू आहे. शिवाय व्हिडिओ पसरला की आपल्या मुलाचा अपमानही पुन्हा पुन्हा पाहिला जातो, हे विसरले जाते.

१७. मुलाने चुकीचे ऐकले असेल तर? खोटी तक्रार ठरण्याची भीती वाटते.

गोंगाटात चुकीचे ऐकू येऊ शकते. म्हणून तक्रारीत "असे ऐकू आले" आणि "असे म्हटले" यांतला फरक राखावा आणि दुसऱ्या कोणी ऐकले का, याची त्याच दिवशी विचारपूस करावी. प्रामाणिक तक्रार सिद्ध झाली नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. सामना उलटवण्यासाठी रचलेली तक्रार मात्र पुढच्या दहा खऱ्या तक्रारींचा विश्वास घालवते. असा सल्ला देणाऱ्या माणसाला, मग तो संघाचा व्यवस्थापक का असेना, दूर ठेवावे.

१८. मूल म्हणते, "मला आता खेळायचंच नाही."

लगेच समजूत घालू नये आणि लगेच किटही आवरून ठेवू नये. खेळ नको आहे, की ती स्पर्धा, तो संघ किंवा ते मैदान नको आहे, हे दोन आठवड्यांत हळूहळू कळते. तक्रारीचे पुढे काय झाले, हे मुलाला सांगत राहावे. काहीच झाले नसेल तर तेही सांगावे. झोप उडणे, जेवण कमी होणे किंवा शाळेतही गप्प राहणे दिसले, तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

१९. ज्याने माझ्या मुलाला जातीवरून बोलले, तोच आता जिल्हा संघात त्याचा सहकारी म्हणून निवडला गेला आहे. आता?

जिल्हा संघाचे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांना मागची घटना शिबिर सुरू होण्याआधी सांगावी, आणि शक्य तर जुन्या तक्रारीची प्रत द्यावी. निवासी शिबिरात दोघांना एका खोलीत ठेवू नये, एवढी विनंती करणे वाजवी आहे. त्याला संघातून काढा, अशी मागणी मागची तक्रार निकाली निघाली नसेल तर टिकणारी नाही. दोघांना एकत्र बसवून हात मिळवायला लावण्याची घाई अनेक प्रशिक्षक करतात. माफी मागायची असेल तर ती त्या मुलाने आपणहून मागावी आणि ती स्वीकारायची की नाही, हे आपल्या मुलाने ठरवावे. तोपर्यंत चेंडू एकमेकांकडे नीट टाकणे आणि पकडीच्या वेळी साखळी न तोडणे, एवढी अपेक्षा दोघांकडूनही करता येते. शिबिराच्या पहिल्या तीनचार दिवसांत व्यवस्थापकांना एक फोन करून विचारपूस करावी. रोज करू नये.